मुंग्यांची शेती आणि माणसाचा बंदोबस्त

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात अकरा वर्षे राहून कीटकांचा अभ्यास करणारा हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ एका खेड्यात मुक्काम करून असताना, एके रात्री उजाडण्यास बराच अवकाश असता त्याच्या नोकराने त्याला जागे केले आणि पिठाच्या टोपल्यांवर उंदरांनी धाड घातल्याची वर्दी दिली. दिवा घेऊन तो कोठीच्या खोलीत गेला, तेव्हा तेथे उंदीर नव्हते. टोपल्यांपासून दारापर्यंत मुंग्यांची एक रुंद रांग लागली होती, बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुंगीच्या तोंडात मँडिओका कंदाच्या भरडीचा एकेक दाणा होता, आणि उंच मेजावरच्या टोपल्यांत शिरलेल्या शेकडो मुंग्या आत अंथरलेली वाळकी पाने कातरण्यात गुंतल्या होत्या. धन्याने आणि नोकराने लाकडी तळाच्या पादत्राणांनी त्यांना चिरडण्याचा सपाटा लावला. परंतु जितक्या मेल्या तितक्याच नव्या येत राहिल्या, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रकार झाला. अखेरीस त्यांच्या वाटेवर बंदुकीच्या दारूची रेघ ओढून ती पेटवून द्यावी लागली, आणि हा उपाय अनेकदा केल्यावर तेव्हा कोठे तो उपद्रव थांबला. ज्या मँडिओकाच्या भरडीसाठी ही लढाई झाली, त्याच कंदापासून आपल्या एकादशीचा साबुदाणा तयार होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दूरदेशीच्या कोठीतील प्रसंग आपल्याला थोडा जवळचा वाटू लागतो.

बेट्सने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. त्या रात्री त्याने जे केले, ते त्याच्या आधी तीन शतके आणि त्याच्या नंतर एक शतकभर दक्षिण अमेरिकेतील शेतकरी, बागाइतदार आणि सरकारी अंमलदार करीत आले: समोर दिसणाऱ्या मुंगीवर प्रहार करणे. तो प्रहार का फुकट गेला, त्याऐवजी काय करावे हे माणसाला कसे उमगत गेले, आणि जे उमगले त्याची किंमत काय पडली, याचा वृत्तांत या प्रकरणात द्यावयाचा आहे.

मुलूख आणि नावे

पाने कापणाऱ्या या मुंग्या केवळ अमेरिका खंडातच आढळतात. उत्तरेस टेक्सास आणि लुइझियाना येथपासून दक्षिणेस अर्जेंटिनाच्या मध्यभागापर्यंत त्यांचा मुलूख पसरलेला आहे. अट्टा आणि ॲक्रोमिरमेक्स अशी त्यांची दोन मुख्य कुळे असून दोहोंत मिळून पन्नासाच्या आसपास जाती आहेत. ब्राझीलमध्ये अट्टा कुळातील मुंगीला ‘सौवा’ हे तेथील मूळच्या तुपी भाषेतील नाव पडले आहे. व्हेनेझुएलात तिला ‘बाचाको’, मेक्सिकोत ‘आरिएरा’ म्हणजे लमाणांप्रमाणे ओझी वाहून नेणारी, आणि मध्य अमेरिकेत ‘झोम्पोपो’ म्हणतात. ज्या प्राण्याला गावोगाव निरनिराळे नाव असते, त्याच्याशी लोकांचा नित्याचा संबंध असतो. आणि येथे तो संबंध बव्हंशी नुकसानीचा आहे. संत्री, कॉफी, कोको, मँडिओका, निलगिरीची नवी लागवड, गुरांची कुरणे, यांतील काहीही या मुंग्या वर्ज्य मानीत नाहीत. लहान रोपांची अख्खी रांग एका रात्रीत निष्पर्ण झालेली सकाळी आढळावी, हा तेथील शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा नेहमीचा अनुभव आहे.

पोर्तुगीज वसाहतवाले ब्राझीलमध्ये उतरले तेव्हापासूनच्या लेखांत या मुंग्यांची तक्रार आढळते. १५८७ साली गाब्रिएल सोआरेस द सौझा या मळेवाल्याने ब्राझीलचे जे सविस्तर वर्णन लिहिले, त्यात या मुंग्यांनी मँडिओका, द्राक्षवेली आणि संत्र्याची झाडे कशी फस्त केली हे तो कळवळून सांगतो. पुढे १८१६ ते १८२२ या काळात त्या देशात हिंडलेल्या ओग्युस्त द सेंत-इलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर एक वचन प्रचलित झाले, त्याचा आशय असा, की ब्राझीलने सौवेचा नाश केला नाही तर सौवा ब्राझीलचा नाश करील. हे वचन पुढे त्या देशात शेतकी खात्याच्या मोहिमांचे घोषवाक्यच बनले. लिमा बारेतो या कादंबरीकाराने १९१५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या कादंबरीचा नायक, पोलिकार्पो क्वारेस्मा, मायभूमीच्या सुपीकतेवर नितांत श्रद्धा ठेवून शेती करू जातो आणि त्याच्या कोठारातील मका व घेवडा या मुंग्या लुटून नेतात; एका देशाच्या ललित वाङ्मयात मुंगीला असे स्थान मिळावे, यावरून त्या दुःखाचे मूळ किती खोल गेले होते याची कल्पना येते.

ज्या पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून काजू गोव्यात आणला, त्यांच्याच राजवटीत अननस, पपई आणि पेरू ही अमेरिकेची फळेही आपल्या किनाऱ्यावर रुजली आणि कोकणाने ती आपली मानली; त्या झाडांची वैरीण मात्र गलबतांतून आली नाही, हे आपले मोठेच भाग्य होय. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटाचे भाग्य तितके बलवत्तर नव्हते. १९५४ च्या सुमारास ॲक्रोमिरमेक्स कुळातील एक जात तेथे बाहेरून शिरली आणि तिने बेटावर कायमचे ठाण मांडले. बंदरांवर आणि विमानतळांवर परदेशी माती व रोपे यांची जी झडती घेतली जाते, ती अनेकांना त्रासदायक वाटते. परंतु मूठभर मातीत एक गर्भवती राणी मावते, एवढे ध्यानात ठेवले तर त्या झडतीचे मोल कळून येते.

पान कोठे जाते?

या मुंगीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पानाच्या कडेवर ती मागच्या पायांनी घट्ट पकड घेते आणि तेवढा एक बिंदू स्थिर ठेवून, भूमितीच्या तासाला मुलाने कंपास फिरवावा तसे आपले शरीर फिरवीत, जबड्याची एक धार पानात रुतवून पुढे पुढे नेते. त्या वेळी तिच्या पोटाजवळचा एक अवयव घासला जाऊन जी सूक्ष्म थरथर उत्पन्न होते, ती जबड्यापर्यंत पोचते आणि कोवळे पान न चुरगळता सुबक कापले जाते. अर्धचंद्राकृती तुकडा सुटला की तो डोक्यावर उभा धरून ती चालू लागते. दुरून पाहणाऱ्याला जमिनीवरून हिरव्या शिडांच्या होड्यांचा तांडा निघाला आहे असे वाटते. जवळून पाहिले तर पुष्कळदा त्या शिडाच्या माथ्यावर तांदळाच्या कणीहूनही लहान अशी दुसरी मुंगी बसलेली दिसते. एका जातीची माशी ओझेवाल्या मुंगीच्या अंगावर अंडे घालण्यासाठी टपून असते, आणि तिला हुसकावून लावण्याची चाकरी या बारक्या मुंगीकडे असते.

इतकी पाने नेऊन मुंग्या त्यांचे काय करतात, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. त्या ती खात असाव्यात असा सामान्य समज होता. बेट्ससारख्या सूक्ष्म निरीक्षकालाही त्या वारुळाच्या तोंडांवर पानांचे छप्पर घालीत असाव्यात असे वाटले. खरे उत्तर निकाराग्वातील सोन्याच्या खाणीवर काम करणाऱ्या टॉमस बेल्ट या इंग्रज अभियंत्याला सापडले, आणि ते मुंग्यांशी लढता लढता सापडले. त्याची बाग मुंग्यांनी उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला, तेव्हा त्याने कार्बोलिक आम्ल पाण्यात मिसळून बादल्याच्या बादल्या वारुळाच्या भोकांत ओतल्या. मुंग्यांची एकच धांदल उडाली; त्यांनी ते ठिकाण सोडून थोड्या अंतरावर नवे वारूळ खणले; आणि त्या स्थलांतराच्या गडबडीत आपली अंडीपिल्ली नेण्याबरोबरच एक तपकिरी, कापसासारखा भुसभुशीत पदार्थही त्या मोठ्या जपणुकीने वाहून नेताना बेल्टला दिसल्या. घर जळत असता मनुष्य जे प्रथम उचलतो तेच त्याचे खरे धन असते. तो पदार्थ कुजवलेल्या पानांचा होता आणि त्यावर पांढऱ्या बुरशीचे तंतू माजले होते. यावरून मुंग्या पाने खात नाहीत, पानांचे खत करून त्यावर बुरशी पिकवितात आणि त्या बुरशीवर आपला संसार चालवितात, असा निष्कर्ष बेल्टने काढला व १८७४ साली आपल्या ग्रंथात तो प्रसिद्ध केला. पुढे आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने दक्षिण ब्राझीलमधील ब्लुमेनाऊ येथे राहून ही गोष्ट सप्रमाण सिद्ध केली. बुरशीच्या तंतूंच्या टोकांशी ज्या बारीक गाठी येतात त्याच मुंग्या खुडून घेतात, हे त्याने १८९३ साली दाखवून दिले.

म्हणजे ज्याला आपण चोर म्हणत होतो तो शेतकरी निघाला. मनुष्याने नांगर धरून दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. मुंग्यांच्या एका शाखेने बुरशीची लागवड सुरू केली त्याला पाच-सहा कोटी वर्षे लोटली. या शेतीत खत आहे, निंदणी आहे आणि औषधफवारणीही आहे. आणलेले पान आधी चाटून स्वच्छ करणे, त्याचे चर्वण करून लगदा करणे, त्यावर आपल्या विष्ठेचा थेंब सोडून तो बागेत बसविणे आणि जुन्या बागेतील तंतूंचे रोप आणून त्यावर लावणे, ही कामे उत्तरोत्तर लहान आकाराच्या मुंग्यांकडे सोपविलेली असतात. एस्कोव्हॉप्सिस नावाची एक परोपजीवी बुरशी या पिकात तणासारखी शिरते. मुंग्या ती उपटून बाहेर टाकतात, आणि पुष्कळ जातींत त्यांच्या अंगावर पांढऱ्या पुटासारखे जे जंतू वाढतात त्यांच्यापासून त्या तणाला मारक असे द्रव्य निर्माण होते, असे कॅमेरॉन करी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले.

आपल्याकडील वाचकाला या शेतीची कल्पना अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात कोकणात आणि गोमंतकात वारुळांवर जी अळंबी उगवतात आणि जी वेचण्यासाठी लोक पहाटे रानात जातात, ती वाळवीने जमिनीत पिकविलेल्या बुरशीचीच छत्रे होत. वाळवी आणि मुंगी यांची कुळे अगदी भिन्न, खंडही भिन्न. परंतु जे स्वतःला पचत नाही ते बुरशीकरवी पचवून घेण्याची युक्ती दोघींनाही स्वतंत्रपणे साधली.

राणी आणि राजधानी

ब्राझीलच्या दक्षिण भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, चांगला पाऊस होऊन ऊन पडले म्हणजे, जुन्या वारुळांतून पंख असलेल्या नरमाद्यांचे थवे उडतात. आकाशातच अनेक नरांशी संयोग झालेली मादी खाली उतरते, पंख गाळून टाकते आणि मातीत बीळ खणून स्वतःला कोंडून घेते. माहेर सोडताना तिने तोंडातील एका लहान पिशवीत बुरशीची गोळी घेतलेली असते. हे हेर्मान फॉन इहेरिंग याने १८९८ साली प्रथम लक्षात आणून दिले. त्या काळोख्या खोलीत ती गोळी बाहेर काढून ठेवते. बेलें येथे काम करणाऱ्या याकोब हुबर या स्विस शास्त्रज्ञाने पुढील प्रकार डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे: राणी तंतूंचा एक झुबका तोडते, पोट पुढे वळवून त्याला विष्ठेचा पिवळसर थेंब लावते आणि तो झुबका पुन्हा होता तेथे नीट बसविते. बाहेरून पानाचा एक तुकडाही येत नसता, आपल्या शरीरातील पंखांचे स्नायू झिजवून त्या शक्तीवर ती हे पीक आणि आपली पहिली पिलावळ वाढविते. पहिल्या कामकरी मुंग्या बिळाचे तोंड उघडून बाहेर पडतात तोपर्यंत सुमारे तीन महिने लोटलेले असतात. बहुसंख्य राण्या त्याआधीच पक्षी, भुंगे, कवचधारी आर्माडिलो आणि बुरशीचे रोग यांच्या तोंडी पडतात. जी तरते ती मात्र दहा-पंधरा वर्षे जगते, आकाशातील त्या एका दिवसाच्या पुंजीवर कोट्यवधी अंडी घालते, आणि तिच्या हाताखाली काही दशलक्ष कामकऱ्यांचे राज्य उभे राहते.

त्या राज्याचा विस्तार मोजण्याचे काम साव पावलो येथील जीवशास्त्र संस्थेतील मारिओ आउतुओरी याने केले. सहा वर्षांहून थोडे अधिक वय असलेले एक वारूळ त्याने उकरून काढले, तेव्हा त्यात १,९२० दालने मोजली गेली. मुंग्यांनी दाणादाणा करून बाहेर टाकलेली माती सुमारे ४० टन भरली. आणि तेवढ्या काळात त्या वारुळात गेलेल्या पानांचे वजन सहा टनांच्या जवळपास होते असा हिशेब निघाला. या आकड्यांपुढे बेट्सच्या बंदुकीच्या दारूचे काय चालणार? वाटेवर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे या राज्याची केवळ शिबंदी. राणी कित्येक हात खोल, आणि तिचे धान्य शेकडो दालनांत विभागलेले. वाटेवरील मुंग्या मारणे हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला प्रकार होता.

परंतु याच रचनेत त्या राज्याचे मर्मही आहे. अट्टा कुळात बहुधा एका वारुळात एकच राणी असते आणि तिला वारस निवडता येत नाही. उडून जाणाऱ्या राजकन्या माहेरच्या गादीवर बसत नाहीत. राणी मेली किंवा बाग मेली, की लाखो कामकरी जिवंत असूनही त्या राज्याचा अस्त ठरलेला. पान कापणारी मुंगी मारून काही साधत नाही. राणी आणि बाग या दोहोंपर्यंत पोचणे हाच सगळ्या नियंत्रणविद्येचा गाभा होय.

धूर, वायू आणि आमिष

तेथवर पोचण्याचा पहिला मार्ग धुराचा. बेट्सने पारा शहरातील वनस्पतिउद्यानात पाहिले होते, की मुख्य माळी वारुळाच्या तोंडांवर आगट्या पेटवून भात्याने गंधकाचा धूर आत सोडीत होता आणि भात्यापासून ७० यार्ड दूर असलेल्या एका भोकातूनही तो धूर बाहेर येत होता. धूर जेथून बाहेर पडेल ते भोक बुजवावे लागे, आणि अशी भोके शेकडो. पुढे ब्राझीलमध्ये तारायंत्राचे जाळे उभारणारे ‘कापानेमाचे बॅरन’ ही पदवी असलेले गिलेर्मे शूक यांनी कार्बन डायसल्फाइडचे मुंगीनाशक तयार केले. हवेहून जड असलेला त्याचा वायू भोकातून आपोआप खाली उतरे. तो प्रभावी होता, तसाच ज्वालाग्राही आणि माणसालाही घातक होता. त्यानंतर मिथिल ब्रोमाइड आले. ते आकाशातील ओझोनच्या थराला अपाय करते असे ठरल्यावर त्याच्या वापरावर आंतरराष्ट्रीय निर्बंध पडले. या सर्व उपायांत एक दोष समान होता: शेतकऱ्याला वारुळाच्या तोंडाशी उभे राहून, विषाचे भांडे हातात घेऊन, आत न दिसणाऱ्या वाटांचा अंदाज करावा लागे.

दुसरा मार्ग आमिषाचा. आणि तो जेव्हा सापडला तेव्हा या युद्धाचे स्वरूपच पालटले. मुंगी स्वतः होऊन जे ओझे राणीच्या दाराशी नेऊन टाकते, त्याच ओझ्यातून विष पाठवावयाचे. संत्र्याचा रस काढल्यावर उरणारा चोथा वाळवून त्याच्या गोळ्या केल्या, तर मुंग्या त्या मोठ्या आवडीने उचलतात. ब्राझीलमध्ये हा चोथा विपुल. परंतु त्यात कोणते विष घालावे हा प्रश्न दिसतो त्याहून बिकट होता. विष जलद असेल तर ओझे वाहणारी मुंगी वाटेतच मरते आणि आमिष बागेत पोचतच नाही. विषाला वास असेल तर मुंगी ते उचलीत नाही. आणि विष बुरशीला तत्काळ अपाय करणारे असेल तर आणखी एक विलक्षण अडचण उभी राहते. एका प्रयोगात मुंग्यांना बुरशीनाशक मिसळलेल्या संत्र्याच्या सालीचे कण दिले गेले. प्रथम त्यांनी ते निःशंकपणे आत नेले, परंतु काही तासांनंतर वाहून नेणे थांबले, आणि पुढे कित्येक आठवडे त्या निर्विष सालही नाकारीत राहिल्या. पीक आजारी पडले ही वर्दी बागेतून वाटेवरच्या मुंग्यांपर्यंत पोचली होती.

म्हणून इष्ट विष असे ठरले, की जे मंद असेल, गंधहीन असेल, अल्प प्रमाणातही काम करील, आणि मुंग्या एकमेकींना चाटतात व भरवितात त्या वहिवाटीतून घरभर पसरल्यानंतरच ज्याचा परिणाम दिसू लागेल. गोळी बागेत पोचल्यावर मुंग्या ती पानाप्रमाणेच चाटतात, भिजवून फोडतात, तिचे कण अनेक दालनांत लावतात. या चाटण्यातच विष त्यांच्या शरीरात जाते. काही दिवसांत पाने कापणे बंद पडते, बागेची निगा राहत नाही, रानटी बुरशी माजतात, आणि काही आठवड्यांत वारूळ निःशब्द होते.

अशा गुणांचे पहिले यशस्वी विष म्हणजे मिरेक्स. त्याने साध्य पुष्कळ झाले. परंतु ते जमिनीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहते असे आढळले, आणि २००१ सालच्या स्टॉकहोम करारात ज्या पहिल्या बारा चिवट विषांवर बंदी घालण्याचे ठरले त्यांत त्याचे नाव आले. त्याच्या जागी सल्फ्लुरामिड आले. आज ब्राझीलमध्ये ०.३ टक्के सल्फ्लुरामिड असलेल्या गोळ्या वारुळाच्या मोकळ्या मातीचे क्षेत्र मोजून, दर चौरस मीटरला साधारणतः ६ ते १० ग्रॅम, या प्रमाणात मुंग्यांच्या वाटेच्या कडेला टाकतात. परंतु हे द्रव्यही निसर्गात विघटन पावून पीएफओएस नावाच्या अशा पदार्थात रूपांतरित होते, की ज्यातील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध ऊन, पाणी वा जंतू यांपैकी कोणालाही सहजी तुटत नाही. २००९ साली त्याच करारात पीएफओएसवर निर्बंध घातले गेले, आणि त्या वेळी पानकाप्या मुंग्यांच्या आमिषापुरती सवलत ठेवावी लागली. कारण तितका परिणामकारक दुसरा उपाय मोठ्या लागवडींना उपलब्ध नव्हता.

या सवलतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या मंदपणामुळे आणि चिवटपणामुळे ही विषे मुंगीच्या चतुराईवर मात करू शकली, तो चिवटपणाच माती, पाणी आणि प्राणी यांच्यावर उलटला. मंद असणे हा गुण आवश्यक आहे. अविनाशी असणे हा नाही. जे विष चार आठवडे काम करून पाचव्या आठवड्यात मातीत विरून जाईल, त्याचा शोध लावणे हेच या क्षेत्रातील संशोधकांचे आजचे खरे कर्तव्य होय. मुंग्यांना रोग आणणाऱ्या बुरशीही त्यासाठी वापरून पाहिल्या जात आहेत; प्रयोगशाळेत त्या यश देतात, परंतु प्रत्यक्ष वारुळात मुंग्या एकमेकींचे अंग चाटून बीजाणू काढून टाकतात आणि आजारी सोबतिणीला दूर करतात, त्यामुळे शेतातील प्रत्यय अजून सारखा येत नाही.

लहान शेतकऱ्याचे उपाय

ज्याच्यापाशी दोन-चार एकरच जमीन आहे, त्याच्या हाती मात्र विषाखेरीज दुसरेही उपाय आहेत. वारुळातील कचरा, म्हणजे निःसत्त्व झालेला बुरशीचा चोथा आणि मेलेल्या मुंग्या, हे रोगांचे आगर असल्यामुळे मुंग्या त्यापासून कटाक्षाने दूर राहतात. तो कचरा उकरून रोपांभोवती पसरला तर काही काळ मुंग्या त्या रोपांना शिवत नाहीत, हे परीक्षेतही खरे ठरले आहे. फळझाडाच्या बुंध्याभोवती निसरडा किंवा चिकट पट्टा बांधणे हा दुसरा उपाय. पट्टा सुकला की त्याचा उपयोग संपतो, म्हणून त्यावर नित्य नजर हवी. ब्राझीलमध्ये शेताच्या कडेने तिळाची पट्टी पेरण्याचा प्रघात आहे, कारण तिळाच्या पानांतील द्रव्ये त्या बुरशीला मानवत नाहीत. शेतात त्याचे फळ सर्वत्र सारखे येत नाही, तरी ते पीक वाया जात नाही हाच मोठा लाभ. कोलंबियात काही ठिकाणी मेक्सिकन सूर्यफुलाची पाने तोडून वारुळावर त्यांचे आच्छादन घालून पाहिले आहे, आणि त्याचा चांगला गुण आला आहे. त्याच देशाच्या सांतांदेर प्रांतात तर पंख फुटलेल्या राण्या पकडून, भाजून, मीठ लावून खाण्याची जुनी चाल आहे, आणि त्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात. पकडलेली प्रत्येक राणी म्हणजे न झालेले एक वारूळ होय.

परंतु या सर्वांहून मोठा उपाय जमिनीच्या मांडणीत आहे. व्हेनेझुएलात गुरी येथे धरण बांधले गेले आणि डोंगरांची शिखरे पाण्यात बेटे होऊन उरली. मोठे शिकारी प्राणी, आर्माडिलो आणि शिकारी मुंग्यांच्या टोळ्या जेथे उरल्या नाहीत अशा लहान बेटांवर पाने खाणाऱ्या जीवांची संख्या मुख्य भूमीच्या १० ते १०० पट झाली, आणि त्यांत या मुंग्या अग्रभागी होत्या. झाडांची नवी रोपे उगवेनाशी झाली. जॉन टेरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या तोडलेल्या जंगलांतही वनाच्या कडेला वारुळे दाटतात असे आढळले आहे, कारण तेथे उन्हाला सोकावलेली, कोवळ्या आणि मऊ पानांची झाडे उगवतात आणि मुंग्यांचे शत्रू विरळ होतात. घनदाट अरण्यात हीच मुंगी जमीन उकरून भुसभुशीत करते, पानांचे खत खोल नेऊन पुरते आणि शेकडो जातींच्या झाडांत आपली गरज वाटून घेते. जेथे आपण एकाच जातीचे लाखो कोवळे वृक्ष रांगेने लावतो आणि तिचे भक्षक मारून टाकतो, तेथे ती कीड ठरते. तिला कीड बनविण्यात आपला हात आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लागवडीत मूळच्या झाडांचे पट्टे राखले, आर्माडिलोची शिकार थांबविली, तर विषाचा खर्च कमी होण्यास वाव आहे.

जुन्या जमाबंदीच्या दफ्तरात ‘बंदोबस्त’ या शब्दाला एक नेमका अर्थ होता. एखाद्या मुलखाचा बंदोबस्त करणे म्हणजे तेथील रयतेला नामशेष करणे नव्हे. कोणाची हद्द कोठे, कोणाचा हक्क किती, हे पाहून, मोजून, लिहून ठरविणे. शतकानुशतके सौवेचा समूळ नाश करण्याच्या प्रतिज्ञा झाल्या आणि सौवा आहे तेथेच आहे. तिच्या बाबतीत ज्यांना काही साधले, त्यांनी तिला आधी मोजले: बेल्टने तिची पळापळ पाहिली, हुबरने काळोखातला एक थेंब पाहिला, आउतुओरीने दालने मोजली. निर्वंशाची भाषा सोडून बंदोबस्ताची भाषा धरली, तेव्हाच उपाय सापडत गेले.

आणि त्या ज्ञानाचे सार एका साध्या कृतीत सामावलेले आहे. राण्या उडाल्यानंतर तीन-चार महिन्यांनी ब्राझीलमधील अनुभवी शेतकरी कुदळ खांद्यावर टाकून आपल्या बांधाने फिरतो. लाल मातीत बोटाएवढे एकच भोक आणि त्याभोवती चिमूटभर ताज्या मातीचे कडे दिसले, की तो थांबतो, हातभर खोल खणतो, आणि पेरूएवढ्या बागेजवळ बसलेली राणी त्याच्या हाती येते. या घटकेला ना विष लागते, ना धूर, ना सरकारी मोहीम. सहा वर्षांनी त्याच जागी ४० टन माती उपसलेली असेल, आणि मग ही कुदळ कामास येणार नाही.